मत्स्यशोधक

मत्स्यशोधक : पाण्यात सोडलेल्या श्राव्यातीत (मानवी कानास ऐकू न येणाऱ्या) ध्वनितरंगांच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली, तळाचे स्वरूप व मधल्या पाण्यातील माशांचे थवे दर्शविणारे उपकरण. लहान नौकांवरील आधुनिक मत्स्यशोधकास उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चिती प्रणालीची (जीपीएस) जोड दिलेली असते. पहिला भाग नौकेखाली काय आहे हे, तर दुसरा भाग नौका कोठे आहे हे सांगतो.

इतिहास : प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट आलेक्सांडर बेम या जर्मन शास्त्रज्ञांनी १९१३ मध्ये मिळविले. पॉल लांझव्हँ या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दाबविद्युत् स्फटिकाच्या साहाय्याने पाण्यात श्राव्यातीत तरंग निर्माण केले. १९२९ मध्ये जपानमध्ये किमुरा यांनी ध्वनितरंगांनी मासे ओळखण्याचे प्रयोग केले व १९३५ मध्ये नॉर्वेचे ऑस्कर सुन यांनी कॉड माशांच्या थव्यांचे प्रतिध्वनी-आलेख प्रसिद्ध केले. जपानमधील फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मत्स्यशोधक व्यापारी स्वरूपात उपलब्ध केला.

तत्त्व : नौकेच्या बुडाशी बसविलेला ऊर्जापरिवर्तक (ट्रान्सड्यूसर) विद्युत् स्पंदांचे ध्वनिस्पंदांत रूपांतर करतो व परत आलेला प्रतिध्वनी ग्रहण करतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग दर सेकंदास सु. १,५०० मी. असतो. त्यामुळे प्रतिध्वनी परतण्यास १/१० सेकंद लागल्यास जाण्यायेण्याचे एकूण अंतर १५० मी. व खोली ७५ मी. होय. सामान्यतः ५० व २०० किलोहर्ट्‌झ या कंप्रता वापरतात. कमी कंप्रतेचे तरंग खोलवर जातात व त्यांचा शंकू रुंद असतो. अधिक कंप्रतेचे तरंग उथळ पाण्यात अधिक तपशील दाखवितात. शंकूचा कोन २०° असल्यास २० मी. खोलीवर तळाचा केवळ सु. ७ मी. व्यासाचा भाग तपासला जातो.

पडद्यावरील आकृती हे समोरच्या समुद्राचे चित्र नसून नौकेखालून गेलेल्या पाण्याची कालक्रमाने केलेली नोंद असते. सर्वांत उजवीकडील उभी पट्टी तेवढी या क्षणाची असून तिच्या डावीकडील भाग भूतकाळाचा असतो. मासा शंकूत शिरून बाहेर पडेपर्यंत त्याचे अंतर प्रथम कमी व नंतर अधिक होत गेल्याने कमानीसारखी खूण उमटते. नौका व मासा दोन्ही स्थिर असल्यास मात्र केवळ आडवी रेषा दिसते.

माशांचे प्रतिध्वनी : वायूने भरलेला वाताशय ज्या माशांना असतो त्यांच्यापासून प्रबळ प्रतिध्वनी मिळतो, कारण पाणी व वायू यांच्या सीमेवर ध्वनीचे परावर्तन अतिशय तीव्र असते. केवळ मांस व हाडे यांपासून येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. घोळ माशाचा वाताशय मोठा असतो. ‘बोत’ या नावाने त्यास बाजारात मोठी किंमत मिळते आणि त्याच अवयवामुळे हा मासा यंत्रास ठळकपणे दिसतो. याउलट बोंबील व प्रौढ पापलेट यांना वाताशय नसतो. म्हणजे ज्या माशांवर या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची उपजीविका चालते, तेच यंत्रास अंधुक दिसतात. पडदा रिकामा म्हणजे पाणी रिकामे, असा अर्थ करणे म्हणून चुकीचे ठरते.

नौकेवर बसविणे : ऊर्जापरिवर्तक सदैव पाण्याखाली राहील व पंख्यामुळे निर्माण होणारे बुडबुडे त्याच्यावरून जाणार नाहीत अशा ठिकाणी बसवितात. भरीव फायबरच्या तळास तो आतून चिकटविता येतो. परंतु लाकडी तळातून ध्वनी नीट जात नसल्याने तो बाहेरच बसवावा लागतो. विद्युत् घटमालेशी जोडताना योग्य क्षमतेची वितळतार (फ्यूज) घालणे आवश्यक असते.

प्रारंभिक वापर : पहिली फेरी परिचित पाण्यात करणे इष्ट असते. मापनाचे एकक मीटर ठेवून शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने, कोळी लोकांच्या नेहमीच्या वावेच्या मापाने, खोली मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात (१ वाव = सु. १·८ मी.). यंत्र ऊर्जापरिवर्तकापासूनची खोली दाखवीत असल्याने तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली जितका असेल तितके अंतर आकड्यात मिळवावे लागते. मुंबई परिसरात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक ५ मी.च्या आसपास जात असल्याने एकाच जागेची खोली दिवसभरात पुष्कळ बदलते. संवेदनक्षमता पडद्यावर ठिपके दिसू लागेपर्यंत वाढवून मग किंचित कमी करतात. गढूळ पाण्यात ती आणखी उतरवावी लागते. माशांची तयार चित्रे दाखविणारी सोय प्रारंभी बंद ठेवणे श्रेयस्कर असते. कारण तरंगता कचरा व बुडबुडे यांनाही यंत्र मासा ठरवू शकते. कठीण तळाची रेषा ठळक असते व कधीकधी दुप्पट खोलीवर दुसरी रेषा उमटते; मऊ चिखलाची रेषा त्यामानाने फिकट असते.

स्थाननिश्चिती : सु. २०,२०० किमी. उंचीवरील उपग्रहांपैकी किमान चार उपग्रहांच्या संदेशांवरून ग्राही आपले स्थान काढतो. बंदरातून निघण्यापूर्वीच धक्क्याचे स्थान नोंदवून ठेवणे हा पहिला नियम होय. धुक्यात वा रात्री परतीची दिशा त्यावरूनच मिळते. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतींत गल्लत झाल्यास मोठी चूक होते. उदा., १९° २०·५०′ म्हणजे १९° २०′ ३०″ होय. ते १९° २०′ ५०″ असे वाचल्यास स्थान सु. ६०० मी.नी चुकते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) उपग्रहांनी मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व हरितद्रव्य यांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती प्रसृत करते. ती यंत्रात भरतानाही हीच दक्षता घ्यावी लागते.

वसई किनाऱ्यावरील उपयोग : वसई तालुक्यातील सांडोरसारख्या शेतीवाडीच्या गावांपासून जवळच पाचूबंदर व किल्लाबंदर या कोळी वस्त्या आहेत. या किनाऱ्यावर डोल जाळ्याची मासेमारी परंपरेने चालत आली आहे. हे शंकूच्या आकाराचे जाळे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधून त्याचे तोंड प्रवाहाकडे ठेवतात. येथे मासा प्रवाहाबरोबर जाळ्यात येतो, नौका माशाच्या मागे जात नाही. त्यामुळे थवे शोधण्यापेक्षा खुंटाची जागा अचूक सापडणे, तळ चिखलाचा आहे की खडकाळ हे कळणे आणि खाडीच्या मुखाशी उथळ पट्टे टाळणे, हेच या यंत्राचे प्रमुख उपयोग ठरतात. मासेमारीच्या राखीव जागांवरून म्हणजे ‘कवीं’वरून वाद उद्‌भवल्यास स्थानाची लेखी नोंद पुराव्यास उपयुक्त ठरू शकते. दालदी (गिल) जाळी व गळ यांनी मासे पकडणाऱ्यांना मात्र थव्यांच्या शोधासाठीही त्याचा उपयोग होतो.

मर्यादा : हे यंत्र संकटाची सूचना किनाऱ्यावर पाठवीत नाही. त्यासाठी वेगळी साधने लागतात. अशा संदेशवाहक उपकरणांची राष्ट्रीय योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू करण्यात आली. घटमाला उतरली वा तारेत खारे पाणी शिरले, तर पडदा अकस्मात बंद पडतो. म्हणून होकायंत्र जवळ बाळगणे व किनाऱ्यावरील डोंगर, मनोरे यांच्या रेषा जुळवून ठिकाण ओळखण्याचा जुना अभ्यास टिकविणे आवश्यक आहे. प्रत्येक फेरीत पडद्यावरील खुणा, भरती-ओहोटीची वेळ व प्रत्यक्ष मिळालेली मासळी यांची वही ठेवल्यास काही हंगामांत त्या पाण्यापुरता विश्वसनीय अर्थ लावता येऊ लागतो. यंत्र केवळ प्रतिध्वनी दाखविते. तो कोणाचा हे ठरविण्याचे काम अनुभवी तांडेलाकडेच राहते.