गळाला मटार, जाळ्यात भोपळा

कोकणातल्या एका जेट्टीवर भरती ओसरायच्या बेतात होती. एक काका कठड्यावर मांडी घालून बसले होते आणि मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटलं, न्याहारी. डोकावून पाहिलं तर आत मळलेली कणीक, आणि काका तिच्यात कापूस पिंजून घालत होते. देवाच्या वातीचा कापूस! "नुसती कणीक पाण्यात विरघळते हो. कापूस घातला की गरीला चिकटून राहते." हरभऱ्याएवढी गोळी वळून त्यांनी गरीचं टोक झाकलं आणि दोर सोडला. थोड्या वेळानं एक चकचकीत बोय फडफडत वर आला.

"समुद्रातला मासा चपाती खातो?"

"मग? त्यानं काय घोडं मारलंय?"

कोळंबी का नाही लावत, असं विचारलं तर म्हणाले, "कोळंबी लावली की बारकी चिल्लर येते आणि कुरतडून जाते. कणकेला ती तोंड लावत नाही." हे वाक्य तेव्हा कानाआड केलं. पुढे जगभरच्या गरवणाऱ्यांचे उद्योग वाचताना ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, कारण काकांनी एका दमात अर्धं शास्त्र सांगून टाकलं होतं.

बोयाचं समजू शकतो. त्याचं तोंड बारीक, ओठ मऊ, आणि रोजचं जेवण म्हणजे चिखलावरचं शेवाळ आणि कुजका गाळ. हे सगळं दळायला त्याच्या पोटात कोंबडीच्या पेट्यासारखा जाड, दणकट भाग असतो. असा प्राणी पावाला नाही म्हणेल कशाला? इंग्लंडच्या बंदरांत तर बोयासाठी पांढऱ्या पावाचा मऊ गाभा हेच ठरलेलं आमिष आहे. आधी भिजवलेल्या पावाचा लगदा पाण्यात सोडायचा, बोयांना चटक लागू द्यायची, मग त्याच पावाचा तुकडा गळाला. भूमध्य समुद्राच्या काठी याच पावात चीज मळतात. इस्तंबूलमध्येही बोयाला पाव, पण तिथल्या गलाता पुलावर ओळीनं उभे असलेले गरवणारे लहान खवल्या बांगड्यांसाठी काहीच लावत नाहीत. एका दोराला अनेक गऱ्या, प्रत्येकीला एकेक पीस, आणि दोर वर-खाली नाचवायचा. मासा पिसाला पिल्लू समजतो आणि फुकटात फसतो.

एक घराणं, तीन किनारे

माझा सगळ्यात आवडता किस्सा मटारचा. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर ओपलआय नावाचा मासा मिळतो. हिरवट अंगाचा, निळसर डोळ्यांचा, आणि मुख्यतः समुद्री शेवाळ चरणारा. त्याला धरायला तिथले लोक फ्रीजमधलं मटारचं पाकीट घेऊन निघतात. दोन-तीन दाणे गरीत ओवायचे, मूठभर दाणे आजूबाजूला उधळायचे, आणि वाट पाहायची. शेजारी कुणी महागडी कृत्रिम आमिषं लावून बसलेला असतो आणि इकडे हा गृहस्थ उसळीच्या सामानावर मासे काढतो.

याच माशाचा भाऊबंद ऑस्ट्रेलियात आहे, लुडरिक. सिडनीच्या आसपास त्याच्यासाठी गरीला हिरव्या शेवाळाची वेणी गुंडाळतात. मटार नाही चालत का, कोण जाणे. पण तिथल्या जुन्या मंडळींचा जीव शेवाळावर. चांगलं शेवाळ कुठल्या नाल्यात मिळतं हे ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत असं म्हणतात, आणि आपल्याकडे अळंबी कुठे उगवतात हे सांगायची जी टाळाटाळ चालते ती पाहता मला ते पटतं. तिसरा भाऊ जपानमध्ये, मेजिना. हिवाळ्यात खडकांवर नोरी उगवली की मेजिनाच्या गळाला नोरी लागते. म्हणजे सुशीला गुंडाळतात त्याच जातकुळीतली. एकाच घराण्यातले तीन मासे, तिघेही पालेभाजीवाले, आणि तीन देशांतल्या माणसांनी हे आपापलं शोधून काढलेलं.

कलिंगडाच्या फोडी

जपानचा विषय निघालाच आहे तर चिनूकडे वळू. काळसर रंगाचा, ताकदवान, आणि खाण्याच्या बाबतीत कसलाही विधिनिषेध नसलेला मासा. ओसाकाच्या आखाताला जुन्या काळी चिनूचा समुद्रच म्हणत. खेकडे, शिंपले, किडे हे तर तो खातोच; पण त्याच्या गळाला डब्यातला मका लागतो, रेशमाच्या किड्यांचे कोश लागतात, आणि उन्हाळ्यात चक्क कलिंगड. लाल गराचे चौकोनी तुकडे करून गरीत खुपसायचे. वाचताना हसू येतं खरं, पण त्यामागे जेट्टीवरच्या काकांचाच हिशेब आहे. उन्हाळ्यात पाण्यात चिल्लर माशांचा सुळसुळाट असतो. कोळंबी टाकली की तळाला पोचायच्या आत फस्त. मक्याच्या दाण्याकडे आणि कलिंगडाकडे ही चिल्लर फारशी बघत नाही, चिनू बघतो.

यावरची दुसरी जपानी युक्ती तर आणखी भारी. तांदळाचा कोंडा, वाळू आणि रेशमाच्या कोशांची पूड एकत्र मळून लाडू वळायचा आणि आमिष लावलेली गरी लाडवाच्या पोटात लपवायची. लाडू पाण्यात टाकला की आमिषासकट तळाला जातो. वाटेत कुणाला काही दिसत नाही. तळाला गेल्यावर लाडू हळूहळू फुटतो, कोंड्याचा धुरळा उठतो, चिनू वास घेत येतो, आणि धुरळ्याच्या मधोमध त्याला ताटात वाढल्यासारखं आमिष मिळतं. लाडू किती घट्ट वळायचा हेच सगळं कसब. फार घट्ट झाला तर फुटतच नाही, सैल झाला तर अर्ध्या वाटेत उकलतो. बेसनाचे लाडू वळणाऱ्या कुठल्याही आजीला हे एका दुपारीत जमेल.

गंमत म्हणजे अमेरिकेत, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर, पिवळ्या शेपटीच्या स्नॅपरसाठी लोक जवळजवळ हेच करतात. तिथे कोंड्याऐवजी ओट्स. ओट्स, वाळू आणि बारीक मासे यांचा गोळा, आत गरी.

भोपळ्याचा रतीब

हवाईच्या मोठ्या बेटावर मिलोली नावाचं मच्छीमारांचं छोटं गाव आहे. तिथे बांगड्यासारख्या दिसणाऱ्या ओपेलू माशाला अक्षरशः पाळतात. समुद्रात ठराविक जागा ठरलेल्या असतात. बंदीच्या महिन्यांत मासा धरायचा नाही, फक्त खाऊ घालायचं. होडी त्या जागी न्यायची, शिजवलेला भोपळा, अळकुड्यांच्या जातीचा तारो, पपई, अ‍ॅव्होकाडो यांचा लगदा फडक्यात बांधायचा, सोबत एक दगड ठेवायचा, आणि दोरीनं खाली सोडायचं. हव्या त्या खोलीवर दोरीला हिसका दिला की फडकं उघडतं आणि लगदा पसरतो. रोजच्या या रतीबाला ओपेलू सरावतात. पुढे हंगाम सुरू झाला की हाच लगदा सोडायचा, पण या वेळी गोल तोंडाचं मोठं जाळंही खाली असतं.

आता प्रश्न असा की आसपास एवढी मासळी असताना भोपळा कशाला? तर मासळीचा किंवा मांसाचा चुरा टाकला की त्या वासावर शार्क आणि इतर मोठे शिकारी मासे येतात आणि ओपेलूंचा थवा उधळतो. भाजीला ते येत नाहीत. मिलोलीची जुनी माणसं म्हणूनच मांसाच्या चुऱ्यावर नाराज असतात. थोडक्यात, कुणाला आमंत्रण द्यायचं याइतकंच कुणाला द्यायचं नाही हेही महत्त्वाचं, आणि हा प्रश्न लग्नाच्या याद्या केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोंबडी, बैल आणि डुक्कर

शाकाहार बाजूला ठेवून जरा खाटकाच्या दुकानात डोकावू.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात निळे खेकडे धरायची एक पद्धत आहे: लांबलचक दोर, त्याला थोड्या थोड्या अंतरावर आमिष, आणि गरी एकही नाही! खेकडा आमिषाला नांगी लावतो आणि हट्टानं धरून ठेवतो. दोर हळूहळू वर घ्यायचा आणि खेकडा पाण्याबाहेर येण्याच्या क्षणी खालून जाळी मारायची. लोभ हीच गरी. सुट्टीला आलेले हौशी लोक या आमिषाला कोंबडीच्या माना वापरतात, म्हणून धंदेवाईक खेकडेवाले त्यांना नाकं मुरडत 'चिकन-नेकर' म्हणतात. स्वतः मात्र खारवलेली वाम किंवा बैलाचे ओठ लावतात. बैलाचे ओठ वाचून मीही दोनदा खात्री केली. चिवट असतात, खेकड्यांनी कितीही कुरतडलं तरी दिवसभर टिकतात.

पलीकडच्या पॅसिफिक किनाऱ्यावरही खेकड्याच्या पिंजऱ्यात कोंबडीच्या तंगड्या टाकणारे खूप. कारण? मासळी टाकली की सील आणि समुद्रसिंह पिंजऱ्याशी झोंबतात. कोंबडीत त्यांना तेवढा रस नाही, असा तिथल्यांचा अनुभव. पुन्हा तेच, नको असलेला पाहुणा टाळायचा.

ऑस्ट्रेलियात ब्रीम माशासाठी कोंबडीच्या छातीचे बारीक तुकडे पार्मेझान चीजमध्ये मुरवून लावतात. हे ऐकायला हॉटेलच्या मेनूसारखं वाटतं. पण त्यात रसायनशास्त्र आहे. मासे पाण्यात विरघळलेल्या अमिनो आम्लांचा वास आणि चव फार बारकाईनं टिपतात. पार्मेझान किमान १२ महिने मुरलेलं असतं आणि त्या काळात दुधातली प्रथिनं तुटून अमिनो आम्लं मोकळी होतात. म्हणजे माशाच्या दृष्टीनं तो चीजचा तुकडा नसून मोठ्यानं मारलेली हाक आहे. आपल्या शिंगाळ्याच्या मिशा शोभेच्या नाहीत, त्यांच्यावरही चव कळणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात दिसलं नाही तरी तो मिशीनं चाखत चाखत आमिषापर्यंत पोचतो.

इंग्लंडच्या पोरांचं काम सोपं. दोरी, बादली आणि बेकनची पट्टी. सफोक परगण्यातल्या वॉल्बर्स्विक गावात १९८१ पासून जवळजवळ तीस वर्षं खेकडे धरायची स्पर्धा चालली. सर्वांत वजनदार एक खेकडा जो काढेल तो विजेता, आणि नंतर सगळे खेकडे परत पाण्यात. गर्दी इतकी वाढली की चिमुकल्या गावाला ती पेलेना आणि स्पर्धा बंद झाली.

डुकराच्या कातड्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची 'अंकल जॉश' कंपनी १९२० च्या दशकापासून डुकराच्या खारवलेल्या कातडीचे बेडूक आणि पट्ट्या कापून बाटलीत विकायची. गोड्या पाण्यात ती चालायचीच, समुद्रातल्या पट्टेदार बासलाही ती आवडायची. मग काही वर्षांपूर्वी कंपनीनं हा माल बंद केला. मासे रुसले नव्हते; डुकरं बदलली होती. हल्ली ती कमी वयात कापली जातात, त्यामुळे कातडी पूर्वीसारखी जाड मिळेना. दुसरीकडे मेन राज्यात उलटं घडलं. तिथले शेवंड धरणारे पिंजऱ्यात हेरिंग मासा घालत आले. २०१९ मध्ये हेरिंग पकडण्याची मर्यादा जबर घटवली गेली आणि आमिष महागलं, तेव्हा अनेकांनी पिंजऱ्यात डुकराचं कातडं घातलं, तेही केसांसकट. शेवंडांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

खाण्याचं नसलेलं एक

यादीत बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॉलोमन बेटांवर पानाचा पतंग उडवून मासे धरतात. पतंगाला लांब दोर, दोराच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याचा गुंडा, तो लाटांवर टपटपत राहतो. सुईसारख्या लांब चोचीचा मासा त्यावर झडप घालतो आणि त्याचे बारीक दात कोळिष्टकात अडकून बसतात. ना गरी, ना चारा.

अफवाही या धंद्यात कमी नाहीत. डब्ल्यूडी-४० हा गंजावरचा फवारा आमिषावर मारला की मासे येतात, कारण त्यात माशाचं तेल असतं, असं कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. तसं काही नाही हे खुद्द कंपनीनंच सांगून झालं आहे. फवारा बिजागरीवरच मारलेला बरा.

आणि जे अगदी साधं, सोज्वळ आमिष वाटतं तेच कधी अंगाशी येतं. २०१६ च्या अखेरीस क्वीन्सलँडमधल्या लोगन नदीकाठच्या कोळंबी प्रकल्पांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सापडला. तेव्हापासून तिथलं सरकार कंठशोष करून सांगतं की खाण्यासाठी विकली जाणारी कोळंबी आमिष म्हणून वापरू नका. परदेशातून आलेल्या कच्च्या कोळंबीत विषाणू असू शकतो, तो पाण्यात उतरला की पसरतो. चीजमध्ये मुरलेली कोंबडी चालेल, पण दुकानातली कोळंबी नको, अशी तिथली परिस्थिती.

तेव्हा पुढच्या वेळी जेट्टीवर गरवायला बसाल तेव्हा डब्यात कणीक न्या, मटार न्या, उरलेलं पनीरही नेऊन बघा. होडीनं जाणार असाल आणि होडीवाला हवाईचा असेल, तर केळं मात्र घरी ठेवा. होडीवर केळं आलं की मासा मिळत नाही अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत आहे, आणि त्या केळ्यासकट तुम्हाला धक्क्यावरच उतरवतील.