कडोदऱ्यातले अपघात आणि आपले सोयीचे समज

१८ ऑक्टोबर २०२१ च्या पहाटे कडोदऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका पाचमजली पॅकेजिंग कारखान्याला आग लागली. खालून धूर वर चढत होता, त्यामुळे वरच्या मजल्यांवरचे कामगार गच्चीकडे पळाले. सुरतेहून आलेल्या अग्निशमन दलाने हायड्रॉलिक क्रेन लावून शंभराहून जास्त माणसं सुखरूप खाली आणली. दोघं मात्र वाचले नाहीत.

अशा घटनेनंतर चहाच्या टपरीवर दोनच निकाल ऐकू येतात. कुणी म्हणतं, ज्याची वेळ भरली तो गेला. कुणी म्हणतं, ही माणसंच निष्काळजी. दोन्ही निकाल सोयीचे आहेत, कारण त्यानंतर कुणालाच काही करावं लागत नाही.

कडोदरा सुरतेपासून साधारण पंधरा किलोमीटरवर, पलसाणा तालुक्यात. मुंबई-अहमदाबादचा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता इथे चार रस्त्यावर एकमेकांना छेदतात. आजूबाजूला डाईंग-प्रिंटिंगच्या मिली, लूमची खाती, त्यापलीकडे ऊस आणि चलथाणचा साखर कारखाना. उधना-जळगाव रेल्वेमार्ग जवळून जातो. त्याच मार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडची कितीतरी कुटुंबं सुरत परिसरात येऊन स्थिरावली. मिलमधला तरुण, त्याची भाड्याच्या खोलीत राहणारी बायको, रांगतं पोर, गावाहून आणलेली आई आणि हंगामात उसाच्या फडात उतरणारे कोयतेवाले अशी सगळ्या वयांची माणसं इथे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याचा धोका वेगळा. समज मात्र साऱ्यांचे सारखे.

‘अपघात काय सांगून येतो का?’

एकटा अपघात सांगून येत नाही. पण शंभर अपघातांची नोंद एकत्र वाचली की तेच वळण, तेच यंत्र, तीच वेळ पुन्हा पुन्हा दिसू लागते. स्वीडनमधल्या फाल्शोपिंग या लहान शहराने १९७८ मध्ये हेच केलं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक जखमीला कुठे, कधी, कशाने लागलं हे लिहून घेतलं, आणि त्या यादीवरून घर, रस्ता, कारखाना असा एकेका ठिकाणी बदल केला. काही वर्षांत दुखापती साधारण पाव हिश्श्याने कमी झाल्या. पुढे १९८९ मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत सुरक्षित वस्त्यांचा जाहीरनामा निघाला आणि ही पद्धत अनेक देशांत गेली.

आपल्याकडे नोंद होते ती बहुतेक पोलिसांत आणि विम्याच्या कागदावर. बोट तुटलेला कामगार खाजगी दवाखान्यात टाके घालून घरी जातो आणि त्या यंत्राचं नाव कुठेच उरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रावर दुसरा उभा राहतो.

‘कामगारच लक्ष देत नाहीत’

या समजावर मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण कडोदऱ्यात सर्वांत जास्त जीव यानेच घेतले असावेत असं माझं मत आहे.

आधी नवख्याचा विचार करू. जुना माणूस बेफिकीर होतो, नवा घाबरून जपून वागतो, असं मिलमधले मास्तर लोक सांगतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातला दीर्घ अभ्यास उलटं दाखवतो. कामावरच्या पहिल्या महिन्यात दुखापत होण्याची शक्यता वर्षभर मुरलेल्या कामगाराच्या तिपटीहून जास्त असते. आता सुरतेचं चक्र पाहा. दिवाळी-छठला, होळीला, लग्नसराईला माणसं गावी जातात. परत येताना ठेकेदार बदललेला, मिल बदललेली, यंत्र बदललेलं. पॉलिस्टर रंगवणारं जेट मशीन १३० अंशांपर्यंत तापतं आणि आत दाब असतो. ते कधी उघडायचं हे न शिकवता त्या माणसाला बारा तासांच्या पाळीला उभं करायचं आणि भाजला की ‘लक्ष नव्हतं’ म्हणायचं, हा अन्याय आहे. पहिले चार आठवडे नव्या माणसासोबत त्याच्या भाषेत बोलणारा एक जुना कारागीर दिला, तर खर्च फारसा नाही. इथे हिंदी, मराठी, ओडिया, भोजपुरी सगळं बोललं जातं. भिंतीवरची सूचना मात्र बहुधा एकाच भाषेत असते.

मग टाकीचा विषय. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच पलसाणा तालुक्यातल्या एका डाईंग कारखान्यात टाकीची सफाई करताना बिहारहून आलेले ४ मजूर गुदमरून मेले. आधी दोघं उतरले आणि बेशुद्ध झाले. त्यांना काढायला गेलेले दोघंही वर आले नाहीत. मागून उतरलेल्यांना बेसावध म्हणणार? त्यांनी सोबत्यासाठी जीव दिला. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून ‘वास गेला म्हणजे गॅस गेला’ असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास नाहीसा होणं ही धोक्याची खूण असू शकते. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तळाशी बसतो, आणि प्रमाण फार असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला ओला रुमाल बांधून तो अडत नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये यावरचा उपाय स्पष्ट लिहिला गेला. आतली हवा तपासून जाणकाराने लेखी दाखला दिल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही. नाहीतर श्वसनयंत्र लावायचं, कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा, आणि दोराचं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवं. सांडपाण्याच्या टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. पलसाण्याची घटना त्यानंतर महिनाभरातली आहे. वस्तीत निदान एवढं वाक्य प्रत्येकाच्या कानावर जायला हवं: आतला माणूस कोसळला तर मागून उतरू नका, दोराने ओढा, नाहीतर अग्निशमन दलाला बोलवा.

विषारी हवा कारखान्याच्या भिंतीत राहत नाही, हेही सुरतेने पाहिलं आहे. ६ जानेवारी २०२२ ला सचिन जीआयडीसीत टँकरमधलं रसायन उघड्यावर सोडलं जात असताना वायू पसरला आणि शेजारच्या मिलमधले ६ कामगार गेले. ते आपलं नेहमीचं काम करत होते.

आगीचंही असंच. लोकांच्या डोळ्यांपुढे ज्वाळा असतात, पण बहुतेक बळी धूर घेतो. २४ मे २०१९ ला सुरतेच्या सरथाणा भागात तक्षशिला इमारतीतल्या शिकवणीवर्गाला आग लागली आणि २२ जीव गेले, बहुतेक विद्यार्थी. जिन्याची वाट बंद झाली आणि मुलांनी वरून उड्या टाकल्या. त्या मुलांना ‘घाबरू नका’ असं शिकवून काय झालं असतं? दुसरा जिना हवा होता. कारखान्यातही विचारायचे प्रश्न साधे आहेत: बाहेर पडायच्या वाटा किती, त्यात कापडाचे तागे रचलेत का, आणि रात्री दाराला बाहेरून कुलूप लागतं का. चोरी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप आगीच्या वेळी कामगारावर लागतं.

‘हेल्मेट हायवेपुरतं, गावात कशाला?’

हा समज सरकारनेच एकदा बळकट केला. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात मंत्रिमंडळाने शहरी हद्दीत हेल्मेटची सक्ती उठवल्याचं जाहीर केलं; पुढे प्रकरण न्यायालयात गेल्यावर माघार घ्यावी लागली. सुरत पोलिसांनी फेब्रुवारी २०२५ पासून शहरात पुन्हा कडक अंमल सुरू केला. डोकं रस्त्यावर आपटायला महामार्ग लागत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटने मृत्यूची शक्यता साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची ६९ टक्क्यांनी घटते. मात्र पट्टा हनुवटीखाली आवळलेला हवा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट पोलिसाला दाखवण्यापुरतंच.

दुचाकीच्या टाकीवर बसवलेल्या पोराचं काय? ‘लहान मुलाला नियम नाही’ हेही खोटं आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने हेल्मेट, चालकाला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घातली. ती वर्षभराने लागू झाली.

रस्त्यावर मरतं कोण, याचाही हिशोब पाहावा. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि जवळपास एक पंचमांश पायी चालणारे. म्हणजे पाळी सुटल्यावर चार रस्ता ओलांडणारी माणसं. गाडी ताशी ५० ऐवजी ६५ च्या वेगाने समोरून धडकली तर पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता साडेचार पट होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पाळी बदलण्याच्या वेळी गाड्यांचा वेग कमी करणं हे पादचाऱ्याला रागावण्यापेक्षा हजार पटींनी कामाचं. बारा तास उभं राहिलेल्या माणसाला पूल चढून उतरायला सांगितलं तर तो चढणार नाही, हे धरूनच रस्ता आखावा.

माणसाच्या सवयी धरून उपाय करणं सुरतेला जमतं, याचा पुरावा पतंगांच्या उत्तरायणात मिळतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. मग लोकांनी दुचाकीच्या हँडलवर तारेची कमान लावायला सुरुवात केली आणि पोलीस त्या दिवसांत उड्डाणपुलांवर दुचाकींना बंदी करतात. माणूस सुधारेपर्यंत वाट न बघता गळ्यापुढे तार लावली.

‘पोर घरातच आहे, काय होणार?’

पाण्याने भरलेली बादली, जमिनीत बांधलेली उघडी टाकी, गॅसवरून खाली ठेवलेलं उकळतं पाणी, विजेची उघडी जोडणी. एका खोलीच्या घरात हे सगळं हाताच्या अंतरावर असतं. रांगतं मूल बादलीत डोक्याच्या भाराने पडतं आणि आवाज न करता बुडतं. बुडणारा हाका मारतो, हा समज सिनेमातला आहे.

‘आईने लक्ष ठेवावं’ हा सल्ला तिच्या दिवसाकडे न बघता दिलेला असतो. तिला पाणी भरायचं असतं, स्वयंपाक करायचा असतो, घरी आणलेल्या साड्यांवर टिकल्या लावायच्या असतात. बांगलादेशात संशोधकांनी पाहिलं की लहान मुलं मुख्यतः सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात, म्हणजे आई कामात असताना. त्यांनी वस्तीतल्याच एका बाईच्या घरी तेवढे चार तास मुलं सांभाळायची ‘आंचल’ केंद्रं काढली. तिथे जाणाऱ्या मुलांचे बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले, आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने १६ जिल्ह्यांत अशी ८,००० केंद्रं मंजूर केली. आपल्याकडे पाळणाघराकडे बायकांची सोय म्हणून पाहतात. तीसहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात ते असावं असं १९४८ च्याच कायद्यात लिहिलं होतं. माझ्या लेखी कडोदऱ्यात मुलांचे जीव वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. वीस मिनिटं वाहतं गार पाणी, बस्स.

उसाच्या पडावावर धोका वेगळा. कोयतेवाले जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्री झोपलेल्यालाच चावतो, तोही फारशी वेदना न देता. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी इथे औषधाच्या तोडीची. जखम कापणं, घट्ट बांधणं, भगताकडे नेणं यात जो वेळ जातो तोच जीव घेतो. प्रतिविष सरकारी दवाखान्यात मिळतं. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीमागे चमकपट्टी नसणं हाही इथला जुना धोका. जानेवारी २०२१ मध्ये सुरत जिल्ह्यातच किमजवळ डंपर उसाच्या ट्रॉलीला घासला, ताबा सुटला आणि रस्त्याकडेला झोपलेले राजस्थानचे १५ मजूर चिरडले गेले.

‘म्हातारपणी पडायचंच’

पडू नये म्हणून आईला बसवून ठेवलं तर पायातलं बळ आणखी जातं आणि ती लवकर पडते. तोल आणि पायांच्या ताकदीचा नेमाने केलेला व्यायाम पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी करतो. मोतीबिंदू वेळेवर काढणं, न्हाणीत धरायला दांडा, गुळगुळीत फरशीवर खरखरीत पट्टी, रात्री एक दिवा. एवढं घरच्या घरी होतं.

‘जखमीला हात लावला की पोलिसांच्या फेऱ्या’

ही भीती अजून जात नाही, म्हणून नीट सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ म्हणून आलं. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही, आणि साक्षीदार व्हायचं की नाही हे तो स्वतः ठरवतो. गंभीर जखमीला पहिल्या तासात उपचारापर्यंत नेणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपये मिळू शकतात. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना लागू आहे. गुजरातेत १०८ ची रुग्णवाहिका २००७ पासून आहे. परराज्यातून आलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही, त्यात मिनिटं जातात. म्हणून प्रत्येक चाळीच्या आणि खात्याच्या दारावर त्या जागेचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण मोठ्या अक्षरांत, मराठी-हिंदी-ओडियात रंगवून ठेवावी.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, फलक लागतात, शपथा होतात. वर्षातून एकदा भाषण दिलं की जनजागृती झाली, हा आयोजकांचा स्वतःचाच गैरसमज. त्या दिवशी कडोदऱ्यातले मिलमालक, ठेकेदार, नगरपालिका, आरोग्य केंद्र आणि आशाताई यांनी एका टेबलाभोवती बसावं आणि एक वही उघडावी: कोण जखमी झालं, वय काय, कुठे, किती वाजता, कशाने. तीन महिन्यांनी ती वही मोठ्याने वाचावी, आणि जी जागा सर्वांत जास्त वेळा लिहिली गेली असेल तिथे दुरुस्तीला माणूस पाठवावा.