ग्लेशियर पीक: शिखर बुटकं, वाट लांब

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं ग्लेशियर पीक ३,२१३ मीटर उंच आहे. हिमालयात जाऊन आलेल्या आपल्या ट्रेकरला हा आकडा फारसा भारी वाटत नाही. केदारकंठा साधारण ३,८०० मीटर, आणि तिथे भर हिवाळ्यात हौशी मंडळींची रांग लागते. मग वसंतात स्नोशू बांधून ग्लेशियर पीकला जाण्यात एवढं काय?

उंचीचा आकडा खरा आहे, पण चढाई समुद्रसपाटीपासून मोजायची नसते. केदारकंठ्याची पायपीट सांकरीहून, म्हणजे सुमारे १,९५० मीटरवरून सुरू होते. ग्लेशियर पीकची नॉर्थ फोर्क सॉक नदीकाठची वाट सुरू होते साधारण ६४० मीटरवर. निव्वळ फरकच अडीच हजार मीटरचा. वाटेत लागणाऱ्या खिंडीनंतरचे चढउतार वेगळे, आणि जाऊन-येऊन अंतर पन्नास किलोमीटरच्या वर. वाटेत मॅगीची टपरी नाही, सामान वाहणारी खेचरं नाहीत, तंबू लावून वाट पाहणारा कोणी नाही. तीन-चार दिवसांचा संसार आपल्याच पाठीवर.

दुसरा गैरसमज नकाशामुळे होतो: रस्ता दाखवलाय म्हणजे गाडी जाईल. सिअॅटलपासून हे शिखर सरळ रेषेत जेमतेम ११० किलोमीटरवर आहे, तरी कॅस्केड रांगेतल्या दुर्गम ज्वालामुखींमध्ये त्याची गणना होते. ऑक्टोबर २००३ मधल्या पुरांनी इथले रस्ते, पूल आणि पायवाटा वाहून नेल्या. व्हाइट चक नदीच्या खोऱ्यातून जाणारी रुळलेली वाट मोडली, तिच्यावरचे केनेडी गरम पाण्याचे झरे गाळाखाली गेले. सुईअॅटल नदीचा रस्ता पूर्ण उघडायला २०१४ उजाडलं. म्हणून जुनं गाइडबुक घेऊन निघणं इथे धोक्याचं. रस्ता शाबूत असला तरी वसंतात त्यावर बर्फ असतं किंवा झाड आडवं पडलेलं असतं. मग गाडी जिथे थांबेल तिथूनच चालणं सुरू, आणि हे जादाचे किलोमीटर कोणीच हिशेबात धरलेले नसतात. माझ्या मते या डोंगरावरचे बरेच बेत शिखराजवळ नाही, इथेच फसतात.

स्नोशूबद्दल तर दोन टोकाचे समज. एक, ते घातले की पाय रुततच नाही. चिखलावर फळी टाकून चालावं, तसं ते वजन पसरवतात, एवढंच. पाठीवरचं ओझंही त्या वजनात धरायचं. ताज्या भुसभुशीत बर्फात स्नोशूसकट पाय खाली जातोच, फक्त कमी. दुसरा समज जास्त घातक: तळाला दाते आहेत, म्हणजे कुठेही चढता येईल. हे दाते मध्यम उतारावर पकड देतात. कडक, तीव्र उतार आडवा कापताना मात्र रुंद स्नोशू कडेवर नीट टेकत नाही, घोट्यावर ताण येतो आणि पाय निसटतो. तिथे क्रॅम्पॉन आणि आइस अॅक्सच हवी. स्नोशूचं खरं काम खालच्या जंगलात आणि लांबलचक दरीत. शिखराच्या शेवटच्या चढावर ते बहुधा पाठीवरच असतात.

‘वसंत म्हणजे बर्फ वितळलेलं’ हेही खरं नाही. कॅस्केडच्या उंच भागात बर्फाचा साठा एप्रिलच्या आसपास सर्वाधिक असतो. बदलतो तो त्याचा स्वभाव. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि पृष्ठभाग घट्ट गोठतो. ढगाळ रात्री आपल्याला हुडहुडी भरली तरी तो नीट गोठत नाही. म्हणून चढाई पहाटेपूर्वी सुरू करायची आणि उन्हं तापायच्या आत उतार सोडायचा. दुपारी ओलं झालेलं बर्फ घसरू लागतं. कोरड्या थरांचे बहुतेक हिमलोट ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. ओले त्याहून सौम्य उतारावरही सुटू शकतात.

हिमनदीच्या भेगा या दिवसांत बर्फाने झाकलेल्या असतात, भरलेल्या नव्हे. भेगेवरचा बर्फाचा पूल सकाळी वजन पेलेल, दुपारी पेलेलच असं नाही. दोर बांधूनच जायचं, स्नोशू असोत वा नसोत.

राहिला हेलिकॉप्टरचा भरवसा. इथे शोध-बचावाची जबाबदारी स्नोहोमिश काउंटीच्या शेरीफकडे असते आणि त्यात स्वयंसेवकांचा मोठा वाटा असतो. खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नये. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र जवळ ठेवावं. संदेश पोचला तरी ढग खाली आले असतील तर हेलिकॉप्टर येत नाही, म्हणून एका जादा दिवसाचं अन्न आणि इंधन सोबत हवं. आणि निघण्यापूर्वी डॅरिंग्टनच्या रेंजर स्टेशनला फोन करून आधी रस्त्याचं विचारावं, शिखरावरच्या बर्फाचं नंतर.