मसाला बिस्किटे: घरच्या ओव्हनपासून दुकानाच्या फळीपर्यंत

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर आणि नानकटाई हा माल रोजचा आहे. तळलेली शेव, चकली, फरसाणही जागोजागी मिळते. मात्र या दोहोंच्या मधला एक पदार्थ आपल्याकडे अजून मोठ्या कंपन्यांच्याच हाती आहे. तो म्हणजे तेलात न तळता भट्टीत भाजलेले, पातळ, खारट, मसालेदार बिस्कीट. इंग्रजीत त्याला क्रॅकर म्हणतात. पार्लेचे मोनॅको हे त्याचे घराघरांत ठाऊक असलेले उदाहरण होय.

हा पदार्थ घरी करता येतो का, असा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर सोपे आहे : येतो. दुसरा प्रश्न, त्यात चार पैसे उरतात का? तो अधिक महत्त्वाचा आहे. पुष्कळ घरांत माल चांगला होतो, शेजारीपाजारी कौतुक होते, आणि सहा महिन्यांनी काम बंद पडते. कारण चव नव्हे, हिशेब चुकलेला असतो. म्हणून आम्ही कृती आणि हिशेब दोन्ही येथे देत आहोत.

कच्चा माल आणि प्रमाण

खारी आणि हे बिस्कीट यांत फरक आहे. खारीत पिठाच्या घड्यांमध्ये भरपूर चरबी घालून पदर सोडवतात. या बिस्किटाला पदर नसतात, चरबी थोडी लागते, आणि कुरकुरीतपणा येतो तो ओल पूर्ण निघून गेल्यामुळे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात.

अर्धा किलो पिठाचे प्रमाण असे : मैदा ४०० ग्रॅम, गव्हाची कणीक १०० ग्रॅम, तेल ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, साखर १० ग्रॅम, बेकिंग पावडर ५ ग्रॅम, ओवा किंवा जिरे ५ ग्रॅम, वरून लावायला थोडे तीळ. पाणी साधारण २०० मिलिलिटर लागते. पिठाप्रमाणे ते थोडे कमीजास्त होईल, म्हणून शेवटचे दोन-तीन चमचे हात राखून घालावे.

चपातीच्या कणकेऐवजी आपल्या भागातल्या बाजरीचे पीठ वापरले तर चव खमंग येते आणि मालाला वेगळी ओळख मिळते. पण बाजरीच्या पिठाला चिकटपणा नसतो. एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त बाजरी घातली तर पोळी लाटताना फाटते आणि भाजलेला माल पाकिटात चुरा होतो.

वनस्पती तुपाऐवजी साधे खाद्यतेल वापरावे, असे आमचे मत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के केली आहे, तेव्हा स्वस्त, सुटे, बिनलेबलाचे वनस्पती घेण्यात धोका आहे. बेकरी मार्जरीन किंवा तयार शॉर्टनिंग घ्यायचे असेल तर डब्यावरची घटकांची यादी वाचून ते वनस्पतिजन्य असल्याची खात्री करावी. आपले पुष्कळ गिऱ्हाईक हे विचारते, आणि विचारणे योग्यच आहे.

कृती

पीठ, मीठ, साखर आणि बेकिंग पावडर चाळून घ्यावी. त्यात तेल घालून दोन्ही तळहातांनी चोळावे. मुठीत दाबले की मुटका बनला पाहिजे. मग पाणी घालून घट्टसर गोळा करावा. चपातीइतका सैल नको, आणि फार तिंबायचाही नको. जास्त तिंबले की लाटलेली पोळी आक्रसते आणि बिस्कीट चिवट होते. गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा.

नंतर दोन मिलिमीटर जाडीची पोळी लाटावी. जाडी सगळीकडे सारखी असणे ही या कामातली खरी कसोटी आहे. एक कड पातळ आणि मधला भाग जाड राहिला, तर कड करपते आणि मध्य मऊ राहतो. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून लाटले की नवख्या हातालाही सारखी पोळी जमते. काट्याने सगळीकडे टोचे मारावेत, म्हणजे वाफ बाहेर पडते आणि बिस्कीट पुरीसारखे फुगत नाही. मग चौकोन कापून ट्रेमध्ये लावावेत.

ओव्हन आधी १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्यावा. १२ ते १५ मिनिटांत कडा सोनेरी होतात. येथेच बहुतेक जण ट्रे बाहेर काढतात आणि दुसऱ्या दिवशी माल मऊ पडला म्हणून तक्रार करतात. रंग आला म्हणजे ओल गेली असे नाही. आच १३० अंशांवर आणून आणखी ८ ते १० मिनिटे माल वाळू द्यावा. टोस्टही असाच दुसऱ्यांदा वाळवला जातो, हे बेकरीवाल्यांना ठाऊक आहेच.

माल गरम असताना पंख्याखाली ठेवू नये. एकदम गार झाला की त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि पाकिटात तो आपोआप तुटतो. जाळीवर, सावकाश निवू द्यावा. थंड झाल्यावर एक बिस्कीट मधोमध मोडून पाहावे. कट्‌ असा आवाज आला आणि मध्यभाग कडेइतकाच कोरडा असला तर घाणा उतरला असे समजावे.

मसाला केव्हा लावावा

ओवा, जिरे, काळी मिरी, कसुरी मेथी हे पिठातच घालता येते. लाल तिखट आणि लसूण पिठात घातले तर आचेने काळवंडतात व कडवट होतात, म्हणून ते भाजल्यावर लावावेत. अर्धा किलो पिठाच्या मालाला लाल तिखट ४, आमचूर ४, भाजलेल्या जिऱ्याची पूड ३, काळे मीठ २ आणि पिठीसाखर २ असा १५ ग्रॅम मसाला पुरतो. माल कोमट असताना त्यावर १० ग्रॅम तेलाचा हात फिरवावा आणि मग मसाला चाळणीने भुरभुरावा. कोरड्या बिस्किटावर मसाला टिकत नाही, तो पाकिटाच्या तळाशी जमा होतो.

या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो, कोथिंबीर आणि मेथीची मोठी आवक होते. भाव पडतो तेव्हा शेतकऱ्याला जुडी फेकून द्यावी लागते. त्या दिवसांत मेथी घेऊन, धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून डबाबंद ठेवली तर पावसाळ्यातही मेथी बिस्किटे काढता येतात. ओली मेथी किंवा ओला लसूण मात्र पिठात घालून विक्रीचा माल करू नये. त्याची ओल पूर्ण जात नाही आणि माल लवकर खराब होतो.

हिशेब

अर्धा किलो पिठातून तयार माल सुमारे साडेपाचशे ग्रॅम उतरतो. तुटफूट वजा जाता १०० ग्रॅमची पाच पाकिटे धरावीत. खालचे दर केवळ उदाहरणासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून बेरीज करावी.

समजा कच्चा माल ५६ रुपये, वीज १५ रुपये आणि पाकिटे-लेबले १२ रुपये ५० पैसे लागली. घरातल्या बाईचे दोन तास तासाला ६० रुपयांप्रमाणे धरले तर १२० रुपये होतात. एकूण सुमारे २०४ रुपये, म्हणजे पाकीट जवळपास ४१ रुपयांना पडले.

दोन किलो पीठ एका बैठकीत, ओव्हनमध्ये दोन ट्रे लावून केले तर कच्चा माल २२५, वीज ४०, पाकिटे ५० आणि पाच तासांची मजुरी ३००. एकूण ६१५ रुपये आणि वीस पाकिटे. पाकीट पावणेएकतीस रुपयांना पडते. छापील किंमत ४० रुपये ठेवून दुकानदाराला २० टक्के दिले तर आपल्या हाती ३२ येतात. मजुरी सुटते, वर सव्वा रुपया राहतो.

आता तिसरा मार्ग पाहू. बेकरीच्या भट्टीत पावाचा घाणा निघाल्यावर बराच वेळ मंद आच टिकून असते. ओळखीच्या बेकरीवाल्याशी बोलून, २०० रुपये भाडे ठरवून, दहा किलो पिठाचा माल तेथे भाजला असे समजा. कच्चा माल ११२५, भाडे २००, पाकिटे २५०, दोघांची मिळून बारा तासांची मजुरी ७२०. एकूण २२९५ रुपयांत शंभर पाकिटे, म्हणजे पाकिटाला सुमारे २३ रुपये. मजुरी देऊनही पाकिटामागे ९ रुपये उरतात.

या तीन आकड्यांतून एक गोष्ट उघड होते. घरचा ओव्हन शिकायला, चव ठरवायला आणि ओळखीच्या ऑर्डरी पुऱ्या करायला चांगला. धंदा उभा राहतो तो भट्टीवर. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घरातल्या आई-बहिणींचे तास हिशेबात धरले नाहीत तर पहिल्या मार्गातही पाच पाकिटांमागे पैसे उरल्यासारखे दिसतात. तो नफा नव्हे, त्यांची न दिलेली मजुरी होय. ती आधी बाजूला काढावी, मग उरेल त्याला नफा म्हणावे.

पॅकिंग, पाऊस आणि कायदा

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळा जोराचा असतो. दमट हवेत उघडे बिस्कीट काही तासांत मऊ पडते. माल पूर्ण थंड झाल्याशिवाय पाकीट बंद करू नये. आत वाफ राहिली की बुरशी येते. जाड पाकीट आणि गरम पट्टीने सील करण्याचे छोटे यंत्र, एवढा खर्च टाळू नये. माल किती दिवस टिकतो हे अंदाजाने छापू नये. प्रत्येक घाण्यातली काही पाकिटे राखून दर आठवड्याला एक फोडून पाहावे. कुरकुरीतपणा गेला किंवा तेलाला खवट वास आला, त्याच्या बऱ्याच आधीची तारीख लेबलावर घालावी.

घरातून विकायचे असले तरी अन्न सुरक्षा कायदा २००६ अन्वये नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारखा आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह लेबलावर असावे. गव्हाचा उल्लेख ठळक करावा, कारण काहींना तो सोसत नाही.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली. तीत बँक कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान ठेवलेले होते. सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारावी. ज्यांना व्याजाच्या कर्जात पडायचे नाही, त्यांनी घरच्या ओव्हनवर चव ठरवून, मग भाड्याच्या भट्टीवर काम वाढवावे. भट्टी, दुकान आणि कारागीर या तिन्ही गोष्टी आपल्या मोहल्ल्यात बहुधा आधीपासून असतात. त्या एकत्र आणण्याला भांडवल थोडे आणि विश्वास जास्त लागतो.

विक्रीसाठी आळेफाटा, मंचर, नारायणगाव येथील चहाची दुकाने, शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर येथे येणारे प्रवासी आणि रमजानमधली संध्याकाळ ही गिऱ्हाइके डोळ्यांसमोर आहेत. सुरुवातीला एकच चव ठेवावी आणि पाचच दुकाने धरावीत. पंधरा दिवसांनी प्रत्येक दुकानात जाऊन न विकलेली पाकिटे स्वतः फोडून पाहावीत. गिऱ्हाइकाच्या हातात आपला माल कसा पोहोचतो, हे त्यावरूनच कळेल.