फडफड न करणारे पक्षी

खिडकीला नायलॉनची जाळी आहे. जाळीच्या बाहेर पारवे, आणि आत दोरीला चिमट्यांनी लटकवलेले चौदा खंड्या. बाहेरचे घुमताहेत, आतले वाळताहेत. शेजारच्या काकू दुपारी वाटीभर भाजी द्यायला आल्या, दोरीकडे बघितलं, जाळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुला पाखरांचा एवढा तिटकारा, आणि दिवसभर करतेस काय? तर पाखरंच!"

काकूंचं म्हणणं खरं आहे. जिवंत पक्षी मला सोसत नाहीत. सहा वर्षांची असताना आजोळी, कोकणातल्या घराच्या मागच्या पडवीत एका कोंबड्याने माझ्या पोटरीवर चोच मारली होती. पुढे एकदा स्वयंपाकघरात पारवा शिरला आणि ट्यूबलाइटला धडका देत फिरला. तेव्हा मी ओट्याखाली बसून होते. चोचीचं मी एक वेळ विसरेन, पण फडफड विसरत नाही. एवढासा जीव आणि सगळ्या खोलीतली हवा ढवळून काढतो. तरीही गेली काही वर्षं मी हाताने शुभेच्छापत्रं करते आणि दहातल्या आठांवर पक्षी असतोच. लोक तेच मागतात. आणि कबूल करते, मलाही तेच करायला आवडतं.

कार्डाचं काम कागदापासून सुरू होतं. आपला झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशी जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. उभं राहणारं कार्ड करायचं तर अडीचशे ते तीनशे जीएसएम हवा. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात 'आयव्हरी द्या' म्हटलं की गुळगुळीत, किंचित पिवळसर कार्डशीट समोर येतं. ते घेताना मी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघते. यंत्रावरच्या कागदात लगदा एकाच दिशेने धावतो, त्यामुळे तंतू ओढ्यातल्या गवतासारखे एका अंगाला झोपतात. त्या दिशेला समांतर कागद सहज वाकतो, आडवा वाकवला तर कुरकुरतो. घडी नेहमी सहज वाकणाऱ्या बाजूने घालायची. उलटी घातली की घडीच्या रेघेवर कागद फुटतो आणि कार्ड पहिल्याच दिवशी जुनं दिसायला लागतं.

हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते. त्यात चाळणी हाताने हलवतात, तंतू वाटेल तसे पडतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद हातात घेतला की थोडा कापडासारखाच लागतो. त्याची कडा कापलेली नसते, विरलेली असते. ती कडा मी कधीच छाटत नाही. पक्षी बसवायला अशी फांदी फुकट मिळते.

घडी घालण्याआधी रेघ दाबून घ्यायची. त्यासाठी हाडाच्या पट्ट्या विकत मिळतात, पण माझं सगळं काम शाई संपलेल्या बॉलपेनवर चालतं. स्टीलची पट्टी, एक दाब, दुसरा दाब. इथे नवशिक्या हमखास चुकतो. जिकडे खाच पडली तिकडेच कागद दुमडावासा वाटतो, पण दुमडायचा उलट बाजूने. खाच बाहेर आणि उंचवटा आत, म्हणजे पृष्ठभाग ताणला जात नाही आणि घडी सुरीसारखी बसते.

मग पक्षी. माझा नेहमीचा खंड्या सतरा तुकड्यांचा असतो. चॉकलेटी डोकं, पांढरा गळा, लाल चोच, आणि पाठीवर निळ्या पिसांच्या रांगा. पिसं लावताना सुरुवात शेपटीकडून. कौलारू घर शाकारताना वळचणीपासून वर आढ्याकडे जातात, तसंच. प्रत्येक वरची रांग खालच्या रांगेचं चिकटवलेलं टोक झाकते. डोक्याकडून सुरुवात केली तर प्रत्येक पिसाचा डिंक उघडा पडतो आणि पक्षी गळका दिसतो. फेविकॉल टाचणीच्या टोकाने, अगदी थेंबभर. जास्त झाला की कागद ओला होऊन फुगतो. पंख जरा उचललेला हवा असेल तर खाली फोमची टेप. निळा रंग मी स्वतः चढवते, प्रशियन ब्लूमध्ये थोडा हिरवा मिसळून. गंमत अशी की खऱ्या खंड्याच्या पिसात निळा रंग नसतोच. पिसाची अतिसूक्ष्म रचना प्रकाशातला निळा तेवढा परत फेकते. ते पीस कुटून पूड केली तर निळेपणा नाहीसा होईल. मोराचंही तेच. म्हणजे पक्ष्याचा निळा रंग हा भास, आणि माझ्या कार्डावरचा खराखुरा निळा!

डोळा सगळ्यात शेवटी. काळा ठिपका, त्यात पांढऱ्या जेल पेनचं टोक टेकवायचं, बस्स. चोचीच्या चिरेची रेघ मागे वाढवली की डोळा तिच्या किंचित वर यायला हवा. जरा पुढे सरकला तर खंड्याचा उंदीर होतो. पण शेवटी ठेवण्याचं खरं कारण वेगळं. डोळा येईपर्यंत समोर असते ती रंगीत कागदाची चळत. डोळा आला की ती चळत माझ्याकडे बघायला लागते. तोवर काम संपलेलं बरं.

शुभेच्छापत्रावर पक्षीच का, हे शोधत गेलं तर वाट इंग्लंडात पोचते. १८४० मध्ये तिथे एका पेनीत पत्र कुठेही पाठवायची सोय झाली. त्या सुधारणेला हातभार लावणाऱ्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. बाजारात विकलेलं पहिलं नाताळकार्ड ते हेच, किंमत एक शिलिंग. त्यावर पक्षी नव्हता; जेवणाच्या टेबलाभोवती जमलेलं, पेले उंचावणारं एक कुटुंब होतं. त्यात लहान मूलही वाइन पिताना दिसतं म्हणून दारूबंदीवाले चिडले होते. पक्षी आला तो पुढच्या काही दशकांत, आणि आला तो पोस्टमनच्या अंगावरून. त्या काळचे टपालवाले लाल कोट घालत, म्हणून लोक त्यांना 'रॉबिन' म्हणत. चित्रकारांनी थट्टा सरळ धरली आणि लाल छातीचा रॉबिन चोचीत पाकीट घेऊन कार्डावर आणला. कोटाचा रंग पुढे बदलला, रॉबिन मात्र आजतागायत बर्फाच्या फांदीवर बसून आहे.

आता खऱ्या रॉबिनचं बघा. डेव्हिड लॅक या शिक्षकाने इंग्लंडात त्याचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९४३ मध्ये पुस्तक लिहिलं. हा गोजिरवाणा पक्षी हद्दीच्या बाबतीत महा भांडकुदळ. लॅकनी पेंढा भरलेला रॉबिन त्याच्या हद्दीत ठेवला, तर तो त्यावर तुटून पडला. आणि एकदा तर ते बाहुलं उचलून नेल्यावरही समोरचा रॉबिन त्या रिकाम्या जागेवर हल्ले करत राहिला. शांतीचा, सद्भावनेचा संदेश घेऊन जाणारा पक्षी तो हाच. अशी कार्डं पाठवणाऱ्या लाखो लोकांना त्याच्याशी ओळख करून घ्यायची गरज कधी वाटली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नाही. कार्डावरचा पक्षी हा पक्षी नसतोच. 'आठवण आली' हे सांगायला वापरलेला तो आकार असतो.

पक्षी काढायला पक्ष्यावर माया हवी, हाही गोड गैरसमज. जॉन जेम्स ऑड्युबॉनची १८२७ ते १८३८ या काळात निघालेली अमेरिकेतल्या पक्ष्यांची ४३५ चित्रं जगभर वाखाणली गेली. त्यातले पक्षी इतके जिवंत दिसतात, कारण तो आधी ते मारायचा आणि मग तारेने ताणून हव्या त्या पवित्र्यात उभे करायचा. येवल्याच्या मागावर पैठणीचा मोर विणणारा कारागीरही मोराकडे बघत बसत नाही. तो धागे मोजतो. रंगीत रेशमाच्या कांड्या ताण्यातून आत-बाहेर करत पायरी-पायरीने मान वर चढते, म्हणून तो मोर कोनाकोनांचा होतो. बांगडीतला मोर काय, काठावरची मुनिया काय, रानात कुठे सापडणार नाहीत. कुणी त्याला खोटं म्हणत नाही.

पारव्याचा प्रश्न मात्र उरतो. लग्नाच्या कार्डासाठी लोक पांढऱ्या कबुतरांची जोडी मागतात. हे पांढरं कबूतर शांतिदूत झालं ते फार जुन्या काळापासून, पण आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यात पिकासोचा वाटा मोठा. १९४९ च्या पॅरिसच्या शांतता परिषदेच्या पोस्टरवर त्याचं कबूतर होतं, आणि ते बेतलं होतं मातीसने दिलेल्या कबुतरावर. खिडकीबाहेरच्या माझ्या वैऱ्याचंच गोरं भावंड. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गदारोळ झाला! विष्ठेमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजाराची चर्चा घरोघरी पोचली, आणि त्याच मोसमात माझ्याकडे कबुतरांच्या दोन ऑर्डरी होत्या. मी तोडगा काढला. 'हरियाल चालेल का? महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे.' पिवळे पाय, हिरवट पिवळं अंग, वड-पिंपळाची फळं खाऊन झाडावरच राहणारा, जमिनीवर क्वचितच उतरणारा. मंडळी खूश झाली. हरियालही कबुतराच्याच कुळातला, हे मी सांगितलं नाही. स्वतःलाही जरा उशिराच सांगितलं.

नमुने मी सालिम अलींच्या पुस्तकातल्या चित्रांवरून घेते. पुस्तकातला पक्षी हलत नाही. मागे एक पक्षिनिरीक्षक मित्र घरी आला होता. दोरीवरची कार्डं त्याने नीट निरखली. मला वाटलं, शेपटी चुकली म्हणेल किंवा पायाची बोटं मोजेल. तो म्हणाला, "तुझे सगळे पक्षी एका बाजूला बघताहेत. पंखही सगळ्यांचे मिटलेले. एकही तुझ्याकडे तोंड करून नाही."

मी सगळी जुनी कार्डं काढून बघितली. खंड्या, मोर, हरियाल, पोपट, बुलबुल. सगळे आडवे, सगळे बसलेले. मला वाटत होतं की माझा तिटकारा जाळीबाहेर राहतो. तो तर प्रत्येक पाकिटात घालून मी गावोगाव पाठवत होते.

यंदा दिवाळीआधी एका बाईंनी घुबड मागितलं. आपल्याकडे घुबड अशुभ, पण त्यांनी आठवण करून दिली की लक्ष्मीचं वाहन तेच. घुबड आडवं काढून चालत नाही, दोन्ही डोळे समोर असतात. तीन दिवस मी छातीच्या पिसांच्या रांगा लावत बसले, वळचणीपासून आढ्यापर्यंत. शेवटी दोन गोल राहिले. जेल पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. मग काळ्या पेनने दोन्ही गोलांत एकेक खाली झुकलेली रेघ ओढली, तिला चार-चार पापण्या काढल्या आणि कार्ड दोरीला लावलं.

बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अहो, किती गोड झोपलंय! असंच अजून एक डझन द्या."