एक लाख रुपये आणि ४७ वर्षे

पोथ्यांच्या कामासाठी पैसे मागायला जाणाऱ्या माणसापाशी दाखवण्यासारखं फार थोडं असतं. पाठ ताडून पाहायचे आहेत, त्यासाठी जाणकार शास्त्री लागतील, त्यांना दरमहा पगार द्यावा लागेल आणि ग्रंथ कधी पुरा होईल ते आज सांगता येत नाही, एवढंच त्याला प्रामाणिकपणे सांगता येतं. तरीही महाराष्ट्रात अशा कामांना गेल्या दीडशे वर्षांत पैसे मिळाले. ते कोणी दिले, कशाच्या भरवशावर दिले आणि किती काळ दिले, हे आज अनुदानासाठी प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी एकदा सावकाश पाहावं असं मला मनापासून वाटतं.

सरकारी पैशाचं एक ठळक उदाहरण तुकोबांच्या गाथेचं. मुंबई सरकारने तिच्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत बाहेर पडली. रक्कम ठरलेली, काम आवाक्यातलं, चार-पाच वर्षांत पुरं. पुढे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो सरकारी मदतीशिवाय. ज्ञानकोशकार केतकरांनी तिसरी वाट धरली. कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या माणसाने ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि २३ खंड पुरे केले. त्या खटाटोपाची हकीकत त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. कोश उभा राहिला, पण केतकरांची पुढची वर्षं ओढगस्तीत गेली. भागधारकांच्या पैशावर ज्ञानाचं काम होऊ शकतं. काम करणाऱ्याच्या घराची सोय त्यातून होईलच असं नाही.

या सगळ्यांत सर्वांत लांबचा पल्ला गाठला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या महाभारताने. कल्पना मूळची युरोपातली. १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिझ विंटरनित्झ यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेल्या पाठाचा, आग्रह धरला. तिकडच्या विद्वत्संस्थांनी पैसे जमवले, हाइनरिख ल्यूडर्स यांनी नमुनाही छापला, आणि मग पहिल्या महायुद्धात सारं थंडावलं. पुण्यातली संस्था १९१७ मध्ये निघालेली, म्हणजे नवीच. जुलै १९१८ मध्ये औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कामासाठी एक लाख रुपयांचं वचन दिलं. औंध हे साताऱ्याकडचं छोटं संस्थान, त्याच्या मानाने ही रक्कम केवढी! १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते पाठभेदांच्या पहिल्या तक्त्यावर पहिली अक्षरं उमटली.

बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि या महाभारताच्या खंडांत त्यांची चित्रं आहेत. मला हा तपशील मोलाचा वाटतो. देणारा कामात स्वतः गुंतलेला असला की उशिराचा जाब विचारण्याआधी तो उशिराचं कारण समजून घेतो.

एक लाखात महाभारत होणार नाही, हे उघडच होतं. पण पहिली मोठी रक्कम आली की दुसऱ्याच्या दारात उभं राहता येतं. खंडांच्या शीर्षकपानावर आश्रयदात्यांची नावं छापली आहेत. त्यांत औंधच्या जोडीला हिंदुस्थान सरकार, मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश ही प्रांतिक सरकारं, हैदराबाद, बडोदे, म्हैसूर ही संस्थानं आणि मुंबई विद्यापीठ आहे. निजामाने वर्षाला १,००० रुपये याप्रमाणे ११ वर्षं दिले, शिवाय अतिथिगृहासाठी ५०,००० दिले. वर्षाचे हजार रुपये ही रक्कम लहान, पण ती ११ वर्षं येत राहणार होती. पगार चालवायचे असतात तेव्हा अशा पैशाचीच गरज असते.

पगार कशाचे, तेही पाहावं. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला एक तक्ता. वरच्या ओळीत आधारासाठी घेतलेल्या पाठाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत. खाली दर हस्तलिखितासाठी एक ओळ. त्या पोथीत जिथे वेगळं अक्षर दिसेल तिथे ते त्याच्या चौकटीत भरायचं. पोथ्या शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या. एकट्या आदिपर्वासाठी ६० पोथ्या वापरल्या गेल्या. काही ताडणी शांतिनिकेतनात झाली, काही तंजावरला.

दाखवायला काही नाही या अडचणीवर संस्थेने काढलेला तोडगा साधा होता: जेवढं तयार झालं तेवढं छापायचं. १९२३ मध्ये संस्थेतल्या उत्गीकरांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती काढली आणि विद्वानांपुढे मांडली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. ते बर्लिनमध्ये ल्यूडर्सांच्या हाताखाली शिकलेले. १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग निघाला, आणि मग एकेक भाग करत १९३३ मध्ये ते पर्व पुरं झालं. आरंभापासून पहिलं पर्व हाती यायला १४ वर्षं लागली, पण मधल्या काळात देणगीदाराच्या टेबलावर छापील पानं पडत होती आणि परदेशातले पंडित त्यांची वाखाणणी करत होते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसा घेऊनही पाठ कोणाच्या मर्जीने ठरला नाही. गणपती व्यासांचा लेखनिक झाला, ही घरोघर माहीत असलेली कथा जुन्या पोथ्यांच्या साक्षीवर टिकली नाही. सुखठणकरांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात घातली. आश्रयदात्यांत श्रद्धाळू हिंदू राजे होते, तरी पुढचे खंड चालू राहिले. अनुदान देणाऱ्याची थोरवी मोजायची तर मी ती इथे मोजेन.

जानेवारी १९४३ मध्ये सुखठणकर गेले. बेलवलकरांनी प्रमुख संपादकपदाची सूत्रं घेतली. १९४८ मध्ये औंध विलीन झालं, एकेक करून राजाश्रय संपला, आणि काम स्वतंत्र भारतातल्या सरकारांच्या अनुदानावर पुढे सरकलं. प. ल. वैद्यांनी ते शेवटास नेलं. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत समाप्ती जाहीर झाली: १९ खंड, तपासलेल्या १,२५९ पोथ्या.

आता आजचा हिशेब. २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या सामाजिक खर्चात कला, संस्कृती आणि वारसा यांना जागा दिली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण २०२१ च्या नियमांनुसार चालू प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. हाच नियम महाभारताला लावून पाहा. १ एप्रिल १९१९ ला सुरू झालेलं काम ३१ मार्च १९२३ ला मिटवावं लागलं असतं. विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती त्याच वर्षाची. सुखठणकर यायला अजून दोन वर्षं होती. काम नव्या नावाने पुन्हा मांडता येतं, हे खरं. पण दर चार वर्षांनी नवा प्रस्ताव, नवी मंजुरी आणि मधल्या खंडात पगार थांबले की पाच-सहा लिप्या वाचणारा माणूस दुसरीकडे नोकरी धरतो. त्याच्या जागी तयारीचा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. संस्थेने कायम निधी उभारून व्याजावर माणसं ठेवावीत म्हटलं, तर अशा निधीत दिलेली देणगीही २०२१ पासून कंपन्यांच्या या खर्चात धरली जात नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. कोश, चिकित्सक आवृत्त्या आणि हस्तलिखितांच्या सूची यांच्यापुरती ही वर्षांची अट सैल करावी आणि कायम निधीची वाट उघडावी. बदल्यात संस्थांनी दरवर्षी छापील पानं द्यावीत. डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोश १९४८ पासून चालू आहे, त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये आला, आणि इतक्या खंडांनंतरही शब्द ‘अ’ चेच चालू आहेत. तिथल्या पुढच्या पिढीचे पगार कोण देणार, हे आत्ताच ठरवायला हवं.