विश्रांतीच्या सल्ल्याला रजा

१९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा रुग्ण इस्पितळात दाखल झाला, की आधी त्याला खाट धरायला लावत. सांधे सुजलेले, गरम झालेले, हात लावू न देणारे; त्यांना आणखी हलवायचं कशाला, हा तर्क कुणालाही पटावा असाच होता. आठवडेच्या आठवडे पडून राहायचं, मनगटं आणि गुडघे प्लास्टरच्या साच्यात ठेवायचे, आणि फिजिओथेरपिस्टनं येऊन सांधे अलगद, कसलाही भार न देता फिरवून जायचं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिझोन देऊन पाहिलं आणि जखडलेली रुग्ण काही दिवसांत चालू लागली. दोनच वर्षांत नोबेल पारितोषिकही आलं. पण पाठोपाठ दुष्परिणामही आले, उत्साह ओसरला आणि खाट कायम राहिली.

वयोमानानं गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पावलं सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दोन-तीन पट आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये तो सुमारे अर्धा टक्का आढळला. म्हणजे दोनशे जणांत एक.

विश्रांतीचा हा दंडक न मानणारा एक रुग्ण मात्र आधीच होऊन गेला होता. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना पन्नाशीच्या सुमारास या आजारानं गाठलं. हात शाबूत राहावेत म्हणून ते रोज सकाळी छोटे चेंडू हवेत उडवून झेलण्याचा सराव करत. बोटं वाकडी झाल्यावर त्यांनी तो सोडून दुसरे खेळ धरले. पुढे चाकाच्या खुर्चीत बसायची वेळ आली. त्यांचा मुलगा ज्याँ यानं एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका डॉक्टरांनी त्यांना उभं करून चार पावलं चालवलं, तर रेन्वार पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले की चालण्यातच सगळी इच्छाशक्ती खर्ची पडली तर चित्रांसाठी काही उरणार नाही. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. आजार थांबवणारं औषध नसताना नुसता व्यायाम कुठवर पुरतो, हेही त्यांच्याच उदाहरणातून दिसतं.

खाटेला पहिला जोरदार धक्का बसला तो १९७१ मध्ये. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी एक साधी तुलना छापली. इस्पितळातल्या काही रुग्णांना पूर्ण झोपवून ठेवलं, बाकीच्यांना झेपेल तसं हिंडू-फिरू दिलं. झोपून राहिलेल्यांच्या पदरात जास्तीचं काही पडलं नाही.

त्याच दशकात स्वीडनमध्ये ब्यॉर्न एक्ब्लोम आणि रोल्फ नॉर्डेमार यांनी रुग्णांना थेट सायकलवर बसवलं. एक्ब्लोम हे मुळात खेळाडूंच्या दमसासाचा अभ्यास करणारे. आजारी माणसाचे स्नायूही सरावानं वाढतात की नाही, हा प्रश्न त्यांना पडणं साहजिक होतं. वाढत होते, आणि दमही वाढत होता. १९८९ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या मॅरियन मायनर यांनी रुग्णांना बारा आठवडे चालवून आणि पाण्यात व्यायाम करायला लावून तेच दाखवलं. तरीही डॉक्टरांच्या मनातली धास्ती जाईना. आज बरं वाटेल, पण दोन वर्षांनी एक्स-रे काढला तर?

याचं उत्तर नेदरलँड्सनं दिलं, आणि या सगळ्या मागोव्यात सर्वाधिक वजन त्यालाच द्यावं लागेल. तिथल्या चाचणीत तीनशेवर रुग्ण होते. अर्ध्याजणांनी दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास व्यायाम केला: सायकल, ताकदीचे व्यायाम आणि शेवटी चक्क खेळ. निष्कर्ष २००३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. व्यायाम करणाऱ्यांची दैनंदिन कामं सुधारली, मनःस्थिती सुधारली आणि हातापायांच्या लहान सांध्यांची झीज वाढली नाही. संशोधकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली. ज्यांचे खांदे, गुडघे यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच खराब होते, त्यांच्यात नुकसान थोडं अधिक वाढताना दिसलं. व्यायाम सरसकट वाटायची गोष्ट नाही, तो सांधा पाहून ठरवायचा, हे तेव्हापासून स्पष्ट झालं.

यानंतर लक्ष सांध्यांवरून स्नायूंकडे गेलं. या आजारात स्नायू आतल्या आत झडतात आणि त्यांच्या जागी चरबी साठते. वजनकाट्याला याचा पत्ताही लागत नाही. हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. वेल्समधल्या बँगर इथे २००९ मध्ये रुग्णांना चोवीस आठवडे वजनं उचलायला लावली, तेव्हा झडलेले स्नायू भरून आले. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ४९० रुग्णांच्या चाचणीत फक्त हातांचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम दिले. वर्षभरानंतरही हात अधिक कामाचे राहिले.

श्रेय औषधांनाही द्यायला हवं. अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला १९८८ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली, १९९८ पासून जैविक औषधं आली. सूज आटोक्यात आली म्हणून माणसं जिममध्ये जाऊ शकली. दिल्लीच्या एम्समध्ये आठ आठवड्यांच्या योगाभ्यासानं सूज दाखवणारे घटक आणि नैराश्य कमी झाल्याचं आढळलं, तेही औषधं चालू ठेवूनच. योग सुरू केला की गोळ्या बंद, असा सोयीचा अर्थ आपल्याकडे फार लवकर काढला जातो. आजार जडला म्हणून खेळ सुटतोच, असंही नाही. डेन्मार्कची टेनिसपटू कॅरोलिन वॉझनियाकी हिला २०१८ मध्ये या आजाराचं निदान झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच तिनं बीजिंगची स्पर्धा जिंकली.

युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये व्यायाम हा उपचाराचाच भाग असल्याचं जाहीर केलं. २०२२ मध्ये अमेरिकन संघटनेनं औषधाबाहेरच्या उपायांची यादी तपासली, तेव्हा नियमित व्यायामाची शिफारस ठामपणे केली. आहार आणि इतर उपायांबाबत तिची भाषा बरीच सावध होती.

आपल्या गर्दीच्या ओपीडीत अजून चिठ्ठीच्या तळाशी ‘व्यायाम करा’ एवढंच लिहिलं जातं. गोळी किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर हे जसं विचारतो, तसं पुढच्या खेपेला व्यायामाचंही विचारा. कोणता, किती वेळ, किती वजन, आणि सांधा भडकलेला असेल त्या दिवशी काय? मान दुखत असेल किंवा हातात मुंग्या येत असतील, तर ते मात्र व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.